शंकर आबाजी भिसे

तानसा तलावाचे पाणी उन्हाने वाफ झाले, तरी पावसाच्या रूपाने पुन्हा पाणीच होऊन येते. जळालेले लाकूड मात्र पुन्हा लाकूड होत नाही. द्रव्याच्या या दोन्ही रीती शंकर आबाजी भिसे यांनी कामी लावल्या. १८६७ साली मुंबईत जन्मलेल्या भिसे यांनी लहानपणीच घरी दगडी कोळशापासून जळणारा वायू काढला. तो कोळसा पूर्ववत होणे नव्हते. पुढे लंडनमध्ये त्यांनी छपाईचे खिळे ओतणारे यंत्र रचले. वितळलेला धातू साच्यात थिजून अक्षर होई आणि तापवताच पुन्हा रस होई. भांडवल आटले, तरी उमेद आटली नाही. अमेरिकेत त्यांनी ते काम पुढे नेले. १९३५ साली न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले.