शंतनुराव किर्लोस्कर

शंतनुराव लक्ष्मणराव किर्लोस्कर (२८ मे १९०३ – २४ एप्रिल १९९४) हे मराठी यंत्र अभियंते व उद्योजक होते. किर्लोस्कर उद्योगसमूहाचा विस्तार करणारे आणि शेतीसाठी लागणारे डिझेल इंजिन भारतात मोठ्या प्रमाणावर बनवणारे उद्योजक म्हणून ते ओळखले जातात.

जन्म व शिक्षण

त्यांचा जन्म सोलापूर येथे झाला. वडील लक्ष्मणराव यांनी १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली व तेथे लोखंडी नांगरांचा कारखाना उभारला. शंतनुरावांचे बालपण याच कारखान्याच्या सान्निध्यात गेले. पुढे त्यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथून १९२६ मध्ये यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि मायदेशी परतून ते वडिलांच्या कारखान्यात काम करू लागले.

उद्योगविस्तार

१९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स व बंगळूर येथे किर्लोस्कर इलेक्ट्रिक या कंपन्या स्थापन झाल्या. तोपर्यंत विहिरी-नद्यांवरील पाणी उपसण्यासाठी लागणारी इंजिने मुख्यतः परदेशातून येत. १९५८ मध्ये किर्लोस्कर न्यूमॅटिक, तर १९६२ मध्ये अमेरिकेतील कमिन्स कंपनीच्या भागीदारीत किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली.

डिझेल इंजिन व त्याची इंधनप्रणाली

वीज न पोहोचलेल्या खेड्यांत सिंचनाचा भरवसा इंजिनावरच असे. ऐन हंगामात ते बंद पडल्यास उभे पीक धोक्यात येई. त्यामुळे गावच्या मिस्त्रीला उमगेल अशी साधी रचना हा अशा इंजिनाचा मोठा गुण ठरला. या कारखान्याचे ‘एव्ही-१’ हे इंजिन त्याचे परिचित उदाहरण आहे. ते एका सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे व मिनिटाला १,५०० फेरे घेणारे असून त्याची शक्ती सुमारे ५ अश्वशक्ती आहे.

अशा इंजिनात डिझेल उंचावरील टाकीतून स्वतःच्या वजनाने गाळणीमार्गे पंपाकडे उतरते. तेथून पंप ते सुमारे २०० बार दाबाने नोझलकडे ढकलतो. म्हणजे प्रणालीचे दोन भाग पडतात, आणि बिघाड कोणत्या भागात आहे हे ठरवणे ही दुरुस्तीची पहिली पायरी असते. कमी दाबाच्या भागातील गळती सांध्यावरील ओलाव्यावरून वा ठिबकण्यावरून कळते. टाकी रिकामी झाल्यास नळीत हवा शिरते. हवा दाबली जाते, त्यामुळे पंप फिरूनही दाब तयार होत नाही. अशा वेळी पंपाजवळचा हवेचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू देतात.

जास्त दाबाच्या भागाची परीक्षा हँडल फिरवताना होते. नोझल नीट काम करत असल्यास प्रत्येक फवाऱ्याबरोबर करकर असा स्पष्ट आवाज येतो. आवाज मंद असल्यास दाब कमी आहे किंवा नोझलची सुई अडकली आहे असा संशय घेतात. नोझल ठिबकत असल्यास इंजिन काळा धूर सोडते. पंपाचा दट्ट्या व त्याची नळी झिजल्यास डिझेल मागे गळते आणि विशेषतः तापलेले इंजिन पुन्हा सुरू होणे कठीण जाते. या दोन भागांतील फट मिलिमीटरच्या काही सहस्रांशांइतकीच असल्याने ते जोडीनेच बदलावे लागतात. नोझलच्या फवाऱ्यासमोर हात धरणे मात्र अत्यंत धोक्याचे असते, कारण त्या दाबाचे डिझेल कातडीत शिरू शकते.

असे सूक्ष्म भाग देशातच बनू लागणे महत्त्वाचे होते. १९५१ मध्ये बंगळूर येथे स्थापन झालेली व मायको या नावाने ओळखली जाणारी कंपनी इंधनपंप बनवू लागली. पुढे तिच्या नाशिक येथील कारखान्यात नोझल तयार होऊ लागले. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरसारख्या मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या सीमावर्ती तालुक्यांत इंजिनाचे आयुष्य अशा सुट्या भागांवर आणि स्थानिक कारागिराच्या कानावरच अवलंबून असते.

विचार व सन्मान

शंतनुराव परवाना पद्धतीचे व उद्योगांवरील सरकारी नियंत्रणांचे स्पष्टवक्ते टीकाकार होते. भारतीय वाणिज्य व उद्योग महासंघाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. १९६५ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले. ‘कॅक्टस अँड रोझेस’ हे त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र आहे. वयाच्या ९०व्या वर्षी त्यांचे निधन झाले. जन्मशताब्दीनिमित्त २००३ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.