परागकणांचा शोधक : चार्ल्स ब्लॅकली

श्रावण-भाद्रपदात मुळा नदीच्या काठी राहुरीच्या परिसरात बाजरी निसवते, बांधावरचे गवत तुऱ्यावर येते आणि सारे शिवार प्रसन्न दिसू लागते. याच दिवसांत एखाद्या मुलाला मात्र शिंकांमागून शिंका येतात. नाक वाहते, डोळे चोळून चोळून लाल होतात. अंगात ताप नसतो, शेजारी बसणाऱ्यालाही त्याची बाधा होत नाही. कोणी त्याच्या नाजूक प्रकृतीला दोष देतो, कोणी गार पाण्याला. या व्याधीचे खरे मूळ ज्यांनी शोधून काढले, ते चार्ल्स ब्लॅकली दूर इंग्लंडात राहत होते आणि स्वतःच या व्याधीने पीडलेले होते.

ब्लॅकली यांचा जन्म 1820 साली इंग्लंडमधील बोल्टन या गावी झाला. तरुणपणी ते मँचेस्टर शहरातील एका छापखान्यात उमेदवारी करीत. दिवसभराचे काम आटोपल्यावर वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र यांचा अभ्यास करावा आणि सूक्ष्मदर्शक यंत्रातून निसर्गातील लहानसहान वस्तू न्याहाळाव्यात, हा त्यांचा छंद होता. वयाच्या पस्तिसाव्या वर्षी त्यांनी वैद्यकाच्या शिक्षणास आरंभ केला आणि 1858 साली ते वैद्य झाले.

दर उन्हाळ्यात ब्लॅकली शिंकांनी बेजार होत. गवत कापण्याच्या हंगामात उद्भवणाऱ्या या व्याधीला तिकडे ‘हे फीवर’ म्हणत. जॉन बोस्टॉक या वैद्याने 1819 साली आपल्या स्वतःच्या दुखण्याचे वर्णन करून ती वैद्यांच्या निदर्शनास आणली होती. परंतु तिचे कारण उन्हाळ्याची उष्णता असावी, असे त्याचे मत होते. इतर कोणी प्रखर उजेडाला दोष देत, कोणी फुलांच्या वासाला, तर कोणी धुळीला. ब्लॅकली यांनी कोणाचेही मत पारखल्यावाचून स्वीकारले नाही.

1859 साली एक लहानशी घटना घडली. घरात फुलदाणीत ठेवलेला गवताच्या तुऱ्यांचा गुच्छ हुंगताच त्यांना शिंकांची उबळ आली. पुढे रस्त्यावरून धावणाऱ्या गाडीने उडविलेल्या धुळीनेही तसेच झाले. तेव्हा धुळीला दोष देऊन ते थांबले नाहीत. ती धूळ त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तो तिच्यात गवताचे परागकण दिसले!

आता त्यांनी एकेका कारणाची स्वतंत्र परीक्षा आरंभिली. उष्णता, प्रकाश, निरनिराळे वास या सर्वांचे प्रयोग त्यांनी स्वतःच्या देहावर केले. नाना वनस्पतींचे पराग ते नाकाशी धरीत आणि होणारा त्रास टिपून ठेवीत. 1865 साली त्यांनी दोन्ही हातांची कातडी किंचित खरवडली. एका जागी ओले पराग लावले, दुसरी तशीच ठेवली. पराग लावलेली जागा थोड्याच वेळात खाजू लागली व सुजली. दुसरीला काहीच झाले नाही. दोष केवळ खरवडण्याचा नव्हता, हे या तुलनेने सिद्ध झाले.

हवेत पराग किती असतात, हे जाणण्यासाठी ते चिकट द्रव्य लावलेल्या काचा उघड्यावर ठेवीत आणि त्यांवर बसलेले कण मोजीत. हे कण उंचावरही जातात काय, हे पाहण्यासाठी त्यांनी अशा काचा पतंगाला बांधून हजार फुटांहून अधिक उंच चढविल्या. काचांवर वरही पराग सापडले. हंगामात हवेतील पराग वाढले, की व्याधीचा जोरही वाढतो, हे त्यांच्या नोंदींवरून दिसून आले.

1873 साली त्यांनी हे सारे संशोधन ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. थोर शास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन यांनी तो ग्रंथ आस्थेने वाचला. बहुसंख्य वैद्यांनी मात्र त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. 1900 साली ब्लॅकली निवर्तले. 1906 साली व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी ‘ॲलर्जी’ हा शब्द रूढ केला. मराठीत आपण जिला वावडे म्हणतो, ती हीच. शरीर एखाद्या निरुपद्रवी वस्तूला शत्रू समजते व तिला हुसकून लावण्यासाठी शिंका आणि पाणी यांचा मारा करते. 1911 साली लंडनच्या लेनर्ड नून यांनी परागांचा अर्क अल्प मात्रेत टोचून उपचार करून पाहिला. कातडीवर वावड्याची परीक्षा घेण्याची ब्लॅकली यांची रीतही सुधारलेल्या रूपात आजचे डॉक्टर वापरतात.

परागांखेरीज घरातील धुळीत राहणारे सूक्ष्म माइट, बुरशी, झुरळे व पाळीव प्राण्यांच्या अंगावरील कोंडा यांचेही काहींना वावडे असते. 1955च्या सुमारास पुण्यात लक्षात आलेले आणि पुढे महाराष्ट्रभर पसरलेले गाजर गवतही अनेकांना असाच उपद्रव देते. तथापि पराग हे मुळात शत्रू नव्हेत. बाजरीचे कणीस दाण्यांनी भरते ते त्यांच्याचमुळे, आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठासारख्या संस्थांत पिकांचे नवे वाण तयार होतात तेही परागांच्याच साहाय्याने.

म्हणून शिंकणाऱ्या सोबत्याची चेष्टा करू नये. त्याला कशाचे वावडे आहे, हे शोधण्यास साहाय्य करावे आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. स्वतःच्या दुखण्याचे रडगाणे न गाता ब्लॅकली यांनी त्यालाच प्रश्न विचारले, आणि त्यांना मिळालेली उत्तरे पुढे असंख्य पीडितांच्या उपयोगी पडली.