ज्या मुलांमुळे माँटेसरी घडल्या

ठाणे, कल्याण वा डोंबिवली स्थानकाबाहेर पडून कोणत्याही जुन्या वस्तीत शिरले, की दोन-चार इमारतींनंतर एखाद्या तळमजल्यावर बालवर्गाची पाटी दिसते आणि त्या पाटीवर हमखास एक शब्द असतो - माँटेसरी. अनेकांना तो एखाद्या इयत्तेचा प्रकार वाटतो. तो एका इटालियन बाईंचे आडनाव आहे, हे काहींना ठाऊक असते. मात्र ज्या पद्धतीसाठी पालक आपल्या तल्लख मुलांना रांगेत उभे करतात, ती पद्धत मुळात कोणत्या मुलांसाठी जन्माला आली, हे फारच थोड्यांना माहीत असते. डॉ. मारिया माँटेसरी यांच्या शिक्षणकार्याचा आरंभ रोमच्या वेड्यांच्या इस्पितळात झाला. शाळेने नाकारलेली, घराने लपवलेली आणि वैद्यकाने असाध्य ठरवलेली मतिमंद मुले हे त्यांचे पहिले विद्यार्थी आणि एका अर्थाने त्यांचे पहिले गुरूही.

मारिया यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील किआराव्हाले या गावी झाला. वडील अलेस्सान्द्रो सरकारी नोकरीत होते; आई रेनिल्दे वाचनाची आवड असलेली, मुलीच्या पाठीशी ठाम उभी राहणारी होती. मुलीने फार तर शिक्षिका व्हावे, असे वातावरण असताना मारिया तांत्रिक शाळेत गणित शिकल्या आणि पुढे वैद्यकाकडे वळल्या. वडिलांना हे रुचले नव्हते. पुरुष विद्यार्थ्यांसोबत स्त्रीने शवविच्छेदन करणे शिष्टसंमत नसल्याने त्यांना ते काम संध्याकाळी, सारे निघून गेल्यावर एकटीने करावे लागे. १८९६ साली त्या रोम विद्यापीठातून डॉक्टर झाल्या. इटलीतील पहिल्या काही स्त्री डॉक्टरांमध्ये त्यांची गणना होते. त्याच वर्षी बर्लिनच्या महिला परिषदेत त्यांनी स्त्रियांना समान कामासाठी समान वेतन मिळावे, अशी मागणी मांडली.

पदवीनंतर त्या विद्यापीठाच्या मनोविकार चिकित्सालयात काम करू लागल्या. उपचारासाठी रुग्ण निवडण्याकरिता त्यांना रोममधील वेड्यांच्या इस्पितळांत जावे लागे. तेथे प्रौढ मनोरुग्णांसोबतच बौद्धिक वाढ खुंटलेली मुलेही ठेवलेली असत. अशाच एका खोलीत त्यांनी काही मुले पाहिली. भिंती उघड्या, खेळणे नाही, हातात धरावे असे काहीही नाही. जेवण झाल्यावर ही मुले जमिनीवर पडलेले पावाचे तुकडे गोळा करतात, अशी तक्रार देखभाल करणाऱ्या बाईने किळस दाखवत केली. तिच्या लेखी तो हावरटपणा होता. मारिया यांनी नीट निरखले, तेव्हा मुले ते तुकडे खाण्याऐवजी चाचपत, चुरत, बोटांत फिरवत असल्याचे त्यांच्या ध्यानी आले. त्या खोलीत बोटांना काम देणारी तेवढी एकच वस्तू होती. ही भूक पोटाची नाही, या निष्कर्षाशी त्या आल्या आणि त्यांच्या आयुष्याची दिशा तेथेच वळली.

या मुलांविषयी कोणी काही केले आहे का, याचा शोध त्यांना दोन फ्रेंच डॉक्टरांपर्यंत घेऊन गेला. पहिले झाँ इतार. जंगलात सापडलेल्या आणि बोलता न येणाऱ्या एका मुलाला शिकविण्यासाठी त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अनेक वर्षे खर्ची घातली होती. दुसरे त्यांचे शिष्य एदुआर सेगाँ. मतिमंद मुलांना स्पर्श, हालचाल आणि इंद्रियांच्या सरावातून शिकविता येते, हे सेगाँ यांनी दाखवून दिले होते. पण त्यांचे ग्रंथ धूळ खात पडले होते. मारिया यांनी या दोघांचे लेखन इटालियनमध्ये स्वतःच्या हाताने उतरवून काढले. प्रत्येक शब्दाचा अर्थ तोलता यावा, हा त्यामागील हेतू. या अभ्यासातून एक विचार त्यांच्या मनात पक्का झाला. बौद्धिक अक्षमता हा प्रामुख्याने औषधोपचाराचा प्रश्न नसून शिक्षणाचा प्रश्न आहे. १८९८ मध्ये तुरिन येथील शिक्षण परिषदेत त्यांनी हा विचार मांडला, तेव्हा त्याची देशभर चर्चा झाली.

१९०० साली रोममध्ये अशा मुलांच्या शिक्षकांना तयार करणारी संस्था आणि तिला जोडून शाळा सुरू झाली. मारिया आणि त्यांचे सहकारी डॉ. जुझेप्पे माँतेसानो यांच्याकडे तिची सूत्रे आली. सकाळी आठपासून संध्याकाळी सातपर्यंत त्या स्वतः मुलांसोबत असत. रात्री दिवसभराची टिपणे लावायची आणि दुसऱ्या दिवसासाठी नवे साधन तयार करायचे, असा क्रम दोन वर्षे चालला. खाचांत बसवायचे लाकडी दंडगोल, चढत्या आकाराचे ठोकळे, बटणे लावण्याच्या व नाड्या बांधण्याच्या चौकटी, बोटांनी गिरवायची अक्षरे यांचा उगम याच खटाटोपात आहे. इस्पितळातून आणलेल्या काही मुलांना लिहिता-वाचता येऊ लागले आणि सर्वसाधारण मुलांच्या परीक्षेला बसून ती उत्तीर्ण झाली. लोकांनी याला चमत्कार म्हटले. मारिया यांना मात्र वेगळाच प्रश्न पडला. ही मुले इथवर येऊ शकत असतील, तर निरोगी मुलांना शाळा इतक्या खालच्या पायरीवर का अडकवून ठेवते?

या यशाच्या मागे एक खाजगी दुःख दडलेले होते. मारिया आणि डॉ. माँतेसानो यांच्या सहवासातून ३१ मार्च १८९८ रोजी मारिओचा जन्म झाला. विवाह झालेला नव्हता. अविवाहित मातेला त्या काळच्या इटलीत डॉक्टर म्हणून उभे राहणे अशक्य होते. मूल खेड्यातील एका कुटुंबाकडे वाढविण्यास दिले गेले. पुढे माँतेसानो यांनी दुसऱ्या स्त्रीशी विवाह केला आणि १९०१ मध्ये मारिया यांनी ती शाळा सोडली. इतरांची लपवलेली मुले उजेडात आणणाऱ्या या स्त्रीला स्वतःचे मूल मात्र जगापासून लपवून ठेवावे लागले. आईच्या मृत्यूनंतर, मारिओ सुमारे १५ वर्षांचा असताना, तो त्यांच्याजवळ राहण्यास आला. त्यानंतरही कित्येक वर्षे लोकांपुढे त्याची ओळख भाचा किंवा मानसपुत्र अशीच करून दिली जाई.

६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेंझो या गरीब कामगारांच्या वस्तीत पहिले बालगृह उघडले. मतिमंद मुलांसाठी तयार केलेली साधने येथे प्रथमच सर्वसाधारण मुलांच्या हाती आली आणि चार-पाच वर्षांची मुले हसतखेळत लिहू लागली. जगभरातून पाहुणे येऊ लागले, ग्रंथांची भाषांतरे झाली, देशोदेशी शाळा निघाल्या. मात्र या कीर्तीत एक गोष्ट मागे राहिली. विशेष मुलांसाठीची संस्था चालविण्याकडे माँटेसरी पुन्हा वळल्या नाहीत. ज्यांच्यामुळे ही पद्धत घडली, ती मुले पुढील अर्धशतकात माँटेसरी शाळांच्या दारात क्वचितच दिसली. त्या काळच्या वैद्यकाप्रमाणे मुलांच्या कवट्यांची मोजमापे घेण्यावरही त्यांचा विश्वास होता. आजच्या शास्त्राला ते मान्य नाही. थोर व्यक्तीचे हे उणेपण सांगितले, तरच तिचे मोठेपण खरे कळते.

हुकूमशाही राजवटीशी बिनसल्यावर १९३४ मध्ये इटलीतील त्यांच्या शाळा बंद झाल्या. त्या स्पेनमध्ये राहिल्या, तेथील यादवी युद्धामुळे हॉलंडला गेल्या आणि १९३९ च्या अखेरीस थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून मारिओसह मद्रासजवळच्या अड्यारला आल्या. वयाच्या सत्तरीकडे झुकलेल्या बाई काही महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी आल्या होत्या, पण युद्धाने त्यांना येथेच रोखले. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरताच इंग्रज सरकारच्या दृष्टीने मायलेक शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. मारिओ यांना आपल्या अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. मारिया यांना अड्यारच्या आवारातच राहण्याचे बंधन घालण्यात आले. लहानपणी समाजाने दूर केलेला मुलगा उतारवयात युद्धाने पुन्हा दूर केला. ३१ ऑगस्ट १९४० रोजी त्यांच्या सत्तराव्या वाढदिवसाची भेट म्हणून व्हाइसरॉयने मारिओ यांची सुटका केली. त्या तारेत मारिओ यांचा उल्लेख त्यांचा पुत्र असा होता. जे नाते ४२ वर्षे आडपडद्याने सांगितले गेले, ते एका सरकारी संदेशाने उघड केले.

युद्धकाळात आणि नंतरच्या भेटीत माँटेसरी यांनी भारतात एक हजाराहून अधिक शिक्षकांना प्रशिक्षण दिले. परंतु मराठी मुलखात त्यांचा विचार त्यांच्या आधीच पोहोचला होता. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी तो दादरच्या शिशुविहारात आणला आणि १९४५ मध्ये त्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे गेल्या. अनुताई वाघ तेथेच त्यांच्याबरोबर कामाला लागल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये स्थिरावले. हा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. परदेशी बनावटीची महागडी साधने तेथे परवडणारी नव्हती. ताराबाईंनी बिया, खडे, पाने, शंख-शिंपले यांतून तेच शिक्षण उभे केले आणि मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा आज देशभर रूढ असलेला शब्द त्यांच्याच कामातून पुढे आला. रोमच्या इस्पितळातील पावाच्या तुकड्यांपासून निघालेली वाट अशी ठाणे जिल्ह्याच्या वाड्या-पाड्यांपर्यंत आली.

विशेष मुलांसाठी मात्र ही वाट फार उशिरा खुली झाली. मारिया यांनी रोमची शाळा सोडली, त्याच १९०१ साली ठाण्यात मनोरुग्णालय सुरू झाले. १९१२ च्या कायद्याने मनोरुग्ण आणि बौद्धिक अक्षमता असलेली व्यक्ती यांना एकाच व्याख्येत बसविले होते. हा आजार नव्हे, ही वाढीतील वेगळी अवस्था आहे, असा भेद कायद्यात येण्यास १९८७ साल उजाडले. मुंबईत जय वकील आणि त्यांचे पती होरमसजी यांनी आपल्या डाउन सिंड्रोम असलेल्या मुलीच्या निमित्ताने १९४४ मध्ये शाळा सुरू केली. शाळेत घेत नाहीत म्हणून आईवडिलांनीच शाळा काढायची, हाच प्रघात नंतर गावोगावी दिसतो. ठाण्यात महापालिकेची जिद्द ही विशेष शाळा उभी राहिली. डोंबिवलीजवळ खोणी येथील घरकुल हे पालकांच्याच संघटनेने उभारलेले निवासस्थान शाळेचे वय उलटून गेलेल्या मुलांना सांभाळते. आमच्यामागे याचे कोण, हा प्रत्येक पालकाला रात्री छळणारा प्रश्न आहे आणि घरकुल हे त्याचे एक उत्तर आहे.

१९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी मूल १८ वर्षांचे झाल्यावर कायदेशीर पालक नेमण्याची सोय केली. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते. याच न्यासाची निरामय ही आरोग्य विमा योजना आहे. २०१६ च्या कायद्याने २१ प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता दिली आणि सर्वसाधारण शाळेची दारेही या मुलांना खुली ठेवण्याचे बंधन घातले. तरीही अपंगत्वाचे प्रमाणपत्र काढण्यास संकोचणारी, पाहुणे आल्यावर मुलाला आतल्या खोलीत पाठविणारी घरे संपलेली नाहीत. लपवलेले मूल सुविधांच्या कोणत्याच यादीत येत नाही आणि शिकण्याची उमेदीची वर्षे निघून जातात.

६ मे १९५२ रोजी हॉलंडमधील नूर्डविक येथे माँटेसरी यांचे निधन झाले. लागोपाठ तीन वर्षे शांततेच्या नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचविले गेले होते. ते त्यांना मिळाले नाही. मृत्युपत्रात मात्र त्यांनी मारिओ यांचा उल्लेख आपला पुत्र असा केला होता. त्यांनी घडविलेल्या बटणांच्या चौकटी, मण्यांच्या माळा आणि खरखरीत अक्षरे आज ठाणे-डोंबिवलीच्या बालवर्गांत आहेत, तशीच विशेष शाळांतही आहेत. दहा-बारा वर्षांचा एखादा मुलगा महिनोन्महिन्यांच्या सरावानंतर स्वतःच्या शर्टाचे पहिले बटण लावतो, तेव्हा ते साधन आपल्या मूळ मालकाकडे परत आलेले असते.