त्या उडीमागचा माणूस

एखाद्या कॉलेजची लांबलचक वेबसाइट उघडा. वर मेन्यूत फी, हॉस्टेल, संपर्क असं काहीबाही असतं. फीवर क्लिक केलं की नवीन पान उघडत नाही. आहे तेच पान सर्रकन सरकतं आणि तुम्ही थेट फीच्या तक्त्यापाशी. वर पत्त्याच्या शेवटी हॅशचं चिन्ह आणि त्या भागाचं नाव तेवढं चिकटतं. यात काय विशेष, असंच वाटलं ना? मलाही तसंच वाटायचं. मग शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी स्वतःचा पोर्टफोलिओ बनवायला घेतला आणि माझी लिंक काही केल्या हलेचना. दोन तास डोकं खाजवल्यावर कळलं, लिंकमध्ये नाव स्मॉल अक्षरांत होतं आणि त्या सेक्शनच्या आयडीचं पहिलं अक्षर कॅपिटल. ब्राउझरच्या लेखी हे दोन वेगळे पत्ते! वैतागून, ही अशी उडी मारायची कल्पना मुळात कुणाची, हे शोधायला बसले आणि गाठ पडली डग एंगलबार्टशी.

हो, तोच तो, माउसवाला. तुम्ही त्याचं नाव ऐकलं असेल तर तेवढ्यासाठीच. पण माउस हे त्याच्यासाठी नुसतं बोट होतं हो. बोट दाखवायचं कुठे, ते त्याचं खरं काम.

एंगलबार्टचा जन्म 30 जानेवारी 1925 चा, अमेरिकेतल्या ओरेगॉनमधल्या पोर्टलंडचा. दुसऱ्या महायुद्धात नौदलात रडार तंत्रज्ञ म्हणून तो फिलिपिन्सला गेला. तिथे बांबूच्या खोपटातल्या रेड क्रॉसच्या वाचनालयात व्हॅनेव्हर बुशचा एक लेख त्याच्या हाती लागला. माणसाला हव्या त्या माहितीपर्यंत झटकन नेणाऱ्या एका काल्पनिक यंत्राबद्दलचा. लेख वाचला आणि बाजूला ठेवला. पुढे 1950 च्या डिसेंबरमध्ये साखरपुडा झाला, नोकरी चांगली होती, आणि पंचविशीतल्या या मुलाच्या लक्षात आलं की आपल्यापुढे आता ध्येयच उरलेलं नाही. (आपल्यापैकी अनेकांना हे साखरपुड्याआधीच कळतं, ते सोडा.) त्यानं ठरवलं, जगापुढचे प्रश्न गुंतागुंतीचे होत चाललेत, तर ते एकत्र बसून सोडवायची माणसांची ताकद वाढवायची. आणि साधन? कॉम्प्युटर. तेव्हाचा कॉम्प्युटर म्हणजे खोलीभर पसरलेलं आकडेमोडीचं धूड!

1955 मध्ये त्यानं बर्कलीतून पीएचडी केली, मग तो स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये रुजू झाला आणि 1962 मध्ये आपली सगळी कल्पना एका अहवालात मांडली. त्यातून उभी राहिली एनएलएस नावाची सिस्टीम. तुमच्या-माझ्या उडीचं मूळ इथे आहे. एनएलएसमध्ये लिहिलेल्या प्रत्येक परिच्छेदाला आपोआप नंबर मिळायचा. 1, त्याच्या पोटात 1ए, त्याच्या पोटात 1ए1. म्हणजे पत्ता अख्ख्या फाइलला नाही, तर आतल्या प्रत्येक परिच्छेदाला. तो नंबर द्या, सिस्टीम तिथे उडी मारणार. कमांडचं नावच जंप होतं. आज अशा आयडीच्या लिंकनं मात्र आपण ज्या भागाला आठवणीनं आयडी देतो तिथेच उडी मारता येते. बाकीच्या मजकुराला तसा आपोआप पत्ता मिळत नाही.

9 डिसेंबर 1968 ला सॅन फ्रान्सिस्कोत सुमारे हजार कॉम्प्युटरवाल्यांसमोर त्यानं हे सगळं चालवून दाखवलं. मशीन होतं मेन्लो पार्कला, साधारण 50 किलोमीटरवर. दीड तासाचा डेमो. आणि उदाहरण काय घेतलं? बाजाराची यादी! केळी, गाजरं वगैरे. ती प्रकारांत लावली, मिटवली, पुन्हा उघडली. मग घरी जायच्या वाटेचा नकाशा काढून दाखवला. त्यातल्या एका ठिकाणावर क्लिक केलं की तिथलं काम समोर. शेवटी सगळं सभागृह उठून टाळ्या वाजवत होतं.

इथे सिनेमा संपायला हवा होता, पण नाही. एनएलएस शिकायला अवघड होतं आणि डग ते सोपं करायला तयार नव्हता. सायकल शिकायलाही वेळ लागतोच की, अशी त्याची भूमिका. मला विचाराल तर इथे त्याचं थोडं चुकलंच. त्याचे साथीदार एकेक करून झेरॉक्सच्या नव्या प्रयोगशाळेत गेले. माउस ज्याच्यासोबत बनवला तो बिल इंग्लिशही गेला. सरकारी पैसा आटला, सत्तरचं दशक सरता सरता एनएलएस एका खासगी कंपनीला विकलं गेलं आणि सोबत डगही तिकडे. तिथे त्याचं ऐकून घेणारं फारसं कुणी नव्हतं. माउसचं पेटंट इन्स्टिट्यूटच्या नावावर, त्यामुळे त्याची रॉयल्टीही याला नाही. ट्युरिंग पुरस्कार मिळाला 1997 मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी. तोवर वेब घरोघरी पोचलं होतं आणि लोक उड्या मारतही होते. फक्त कुठल्या पत्त्यांवर मारायच्या हे पान बनवणारा ठरवत होता.

2 जुलै 2013 ला तो गेला. त्याला आता एक तप उलटून गेलं. त्याचा तो 1962 चा अहवाल आज ऑनलाइन वाचता येतो. परिच्छेदांच्या टोकाशी बघा, जांभळट रंगात बारीकसे नंबर दिसतील. त्यातल्या एकावर क्लिक करून बघाच.