फ्लोअर रिकामा करणारा डीजे

फेस्टच्या शेवटच्या रात्री सगळे बेभान नाचतायत आणि डीजेने अचानक वेग उतरवला, तर तुम्ही काय कराल? शिव्या घालाल आणि पाणी प्यायला बाहेर पडाल. १९८१ साली न्यूयॉर्कच्या पॅरडाइज गराज क्लबमध्ये साधारण हेच झालं. त्या काळची डिस्को गाणी मिनिटाला १२० ठोक्यांच्या आसपास धावायची. लॅरी लेव्हानने ताना गार्डनरचं ‘हार्टबीट’ लावलं, ते जेमतेम शंभराचं. लोक फ्लोअर सोडून गेले. पठ्ठ्याने ते पुन्हा लावलं. पुन्हा पुन्हा लावत राहिला, आणि काही आठवड्यांत त्याच गाण्यावर फ्लोअर भरायला लागला.

लॅरी १९५४ चा, ब्रुकलिनचा. द लॉफ्टमध्ये डेव्हिड मान्कुसोला ऐकत आणि द गॅलरीत पडेल ती कामं करत तो शिकला. जोडीला जिगरी दोस्त फ्रँकी नकल्स. पुढे शिकागोच्या क्लबची ऑफर लॅरीने नाकारली आणि फ्रँकीने घेतली. हाउस म्युझिकचं नाव फ्रँकीच्या त्या क्लबवरून, वेअरहाउसवरून पडलं.

लॅरीला १९७७ मध्ये स्वतःची जागा मिळाली. किंग स्ट्रीटवरचं जुनं पार्किंग गराज. दारू नाही, मेंबरशिप असेल तरच आत. येणारे बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, त्यातही समलिंगी मुलं जास्त. बाहेरच्या जगात त्यांना अशी मोकळी जागा मिळणं कठीणच होतं. साउंड सिस्टिम रिचर्ड लाँगने खास बांधलेली. लॅरी तिच्याशी सतत खेळायचा. आरसे लावलेला गोल धुळकट दिसला, तर शिडी लावून पुसायला चढायचा. पब्लिक थांबलंय तर थांबू दे!

सुरुवातीचा लॅरी ऐकायचा असेल तर त्याचा १९७९ चा एक सेट २००० साली अल्बम म्हणून निघालाय, तो शोधा. व्हायोलिनं, ब्रास, मोठमोठे आवाज, सगळं भरगच्च. त्यानंतर लगेच त्याच्या ‘पीच बॉईज’ या ग्रुपचं १९८२ चं ‘डोन्ट मेक मी वेट’ लावा. माणूस तोच आहे यावर विश्वास बसणार नाही. टाळ्यांचा इको, सिंथचा जाड बेस, आणि मध्ये चक्क मोकळी जागा.

तीन वर्षांत एवढं काय बदललं? १९७९ मध्ये शिकागोच्या बेसबॉल मैदानावर डिस्कोच्या रेकॉर्ड्स स्फोटाने उडवल्या गेल्या. मोठ्या कंपन्यांनी हात आखडते घेतले. वाद्यवृंद परवडेना, ड्रम मशीन आणि सिंथ परवडायचे. वर जमैकाची डब शैली लॅरीच्या कानात बसलेली: गाण्यातून एकेक थर काढून घ्यायचा आणि उरेल त्याला इको द्यायचा. बाकीच्यांना ही नाइलाजाची काटकसर वाटली असेल, लॅरीला त्यात नवा आवाज सापडला. माझ्या मते त्याचं खरं काम इथेच आहे. पण हे प्रयोग पचले ते नेमाने येणाऱ्या त्याच लोकांमुळे. ‘हार्टबीट’ फसलं तरी पुढच्या शनिवारी ते परत यायचे.

म्हणूनच सप्टेंबर १९८७ मध्ये लीज संपून गराज बंद झालं, तेव्हा लॅरीची फक्त नोकरी गेली नाही. मालक मायकल ब्रॉडी त्याच वर्षी एड्सने गेला. ओळखीचे कितीतरी चेहरे तसेच गेले. लॅरी हेरॉइनमध्ये बुडत गेला, रेकॉर्ड्ससुद्धा विकायला लागला. मित्र त्या विकत घेऊन त्याला परत आणून द्यायचे.

१९९२ मध्ये तो फ्रान्स्वा केव्होर्कियनबरोबर जपानच्या टूरवर गेला. आता मशीन, इको, मोकळ्या जागा यांतलं काही सिद्ध करायचं नव्हतं. तिथे त्याने लावली ती फिलाडेल्फियाची जुनी गाणी, व्हायोलिनांनी भरलेली, गराजच्याही आधीची. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला हृदय बंद पडून तो गेला. वय ३८.