सेल्फ मारण्याआधी या माणसाला भेटा

मे महिन्यात बेडसे लेणी बघायला गेलाय, असं धरून चाला. सोबत मित्राच्या काकांची जुनी एमजी. तीच, दोन सीटची, टप उघडणारी, व्हिंटेज कार रॅलीत दिसते ती. सकाळी पुण्यात एका सेल्फमध्ये स्टार्ट झाली. कामशेतवरून पवनानगरच्या रस्त्यालाही मस्त पळाली. तुम्ही चारेकशे पायऱ्या चढलात, लेणी बघितलीत, तासाभराने खाली आलात आणि गाडी ढिम्म! गावातले चारजण जमतात, आठ सल्ले मिळतात, धक्का मारूनही होतो. शेवटी सगळे वैतागून सावलीत बसतात. अर्ध्या तासाने कुणीतरी सहज चावी फिरवतं आणि बाईसाहेब सुरू. गॅरेजमध्ये नेली तर मेकॅनिकसमोर दहाच्या दहा वेळा स्टार्ट होते आणि येडे ठरता तुम्ही.

कधी येणारा, कधी न येणारा हा बिघाड पकडायचा तर चार्ल्स केटरिंग हा माणूस माहीत असायला हवा. चावी फिरवल्यावर जुन्या गाडीत जे काही घडतं, त्यातलं बरंचसं त्याच्याच डोक्यातून आलंय.

केटरिंगचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एका शेतकरी घरातला. डोळे लहानपणापासून कमजोर. वाचलं की डोकं दुखायचं. आधी शाळेत मास्तरकी केली, मग इंजिनीअरिंगला गेला, आणि डोळ्यांपायी शिक्षण सोडून टेलिफोनचे खांब रोवणाऱ्या टोळीत कामाला लागला. नंतर पुन्हा कॉलेज. १९०४ मध्ये डिग्री हातात आली तेव्हा अठ्ठाविसावं वर्ष चालू होतं. ड्रॉप घेतलेल्यांनी हे घरी जरूर सांगावं.

पहिली मोठी नोकरी डेटन शहरात, कॅश रजिस्टर बनवणाऱ्या कंपनीत. दुकानातल्या त्या गल्ल्याच्या मशिनला तेव्हा हाताने दांडा फिरवावा लागायचा. केटरिंगने तिथे छोटी मोटर बसवली. त्याची मेख अशी: मोटर दिवसभर चालणार नसेल, फक्त क्षणभर झटका देणार असेल, तर तिच्याकडून झेपेल त्याहून कितीतरी जास्त काम काढता येतं. तापायच्या आत ती थांबलेली असते.

हीच गोष्ट पुढे गाड्यांना लागू पडली. तेव्हा गाडी सुरू करायची म्हणजे पुढून हँडल मारायचं. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडायचं, कधी जबडा. बायरन कार्टर नावाच्या कारनिर्मात्याचा १९०८ मध्ये अशाच दुखापतीनंतर मृत्यू झाला आणि कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलँड त्यामुळे हादरले, असं सांगतात. केटरिंगने एव्हाना एडवर्ड डीड्ससोबत ‘डेल्को’ ही कंपनी काढली होती, डीड्सच्या घरामागच्या कोठारात. इंजिन फिरवायचं तर मोटर अवाढव्य लागेल, असं जाणकार म्हणत होते. पण गल्ल्याच्या मोटरचा अनुभव गाठीशी असलेल्या केटरिंगला माहीत होतं की काम जेमतेम काही सेकंदांचं आहे. १९११ मध्ये सेल्फ स्टार्टर तयार झाला आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये बसला. आपण ‘सेल्फ मार’ म्हणतो तो हा सेल्फ.

आता बेडशाला परत या. सेल्फ सलग दाबून धरू नका, ती मोटर काही सेकंदांसाठीच आहे. हेडलाइट लावा आणि मग चावी फिरवा. दिवे एकदम मंदावले तर बॅटरी तरी उतरलीय किंवा जोड तरी सैल आहे. दिवे तसेच राहिले आणि नुसतं ‘टक्’ झालं तर करंट मोटरपर्यंत पोचतच नाहीये. सेल्फला शंभर-दीडशे अँपिअर लागतात. एखाद्या गंजलेल्या जोडात फक्त ०.०२ ओहमचा अडथळा असला तरी शंभर अँपिअरला २ व्होल्ट तिथेच गायब! एमजीबीच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये तर सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत, म्हणजे गंजायला जोडही जास्त. मल्टीमीटरची एक वायर बॅटरीच्या अर्थ टोकाला, दुसरी इंजिनाच्या धातूला लावा आणि सोबतच्याला सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर चोर सापडला. पण हे गाडी रुसलेली असतानाच करायचं. आधी सगळ्या वायरी हलवून बघितल्या की गाडी सुरू होते आणि पुरावा जातो.

सेल्फ नीट फिरतोय पण इंजिन पेटत नाही? मग केटरिंगचंच दुसरं काम तपासा. बॅटरी, कॉइल, सीबी पॉइंट आणि कंडेन्सरवर चालणारं इग्निशन त्याने सेल्फच्याही आधी, १९१० च्या कॅडिलॅकसाठी दिलं. पॉइंट उघडतात, करंट तुटतो, आणि कॉइल १२ व्होल्टचे हजारो व्होल्ट करून ठिणगी पाडते. जुन्या एमजीत पॉइंटमधली फट असते जेमतेम ०.४ मिलिमीटर. कॉइल किंवा कंडेन्सर मरायला टेकले असतील तर थंड असताना चालतात, तापले की दगा देतात आणि निवल्यावर पुन्हा शहाणे होतात. सावलीतला तो अर्धा तास आठवला? फ्रान्समध्ये डिस्ट्रिब्युटरला अजूनही ‘डेल्को’ म्हणतात.

ठिणगी चांगली निळसर पडत असेल तर राहिलं पेट्रोल. उन्हात उभ्या गरम इंजिनावर कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळून त्याची वाफ होऊ शकते. बॉनेट उघडून थांबणं हाच उपाय.

उष्णतेने खुद्द केटरिंगलाही फसवलं. डेल्को विकली गेल्यावर तो जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचा प्रमुख झाला आणि पाण्याऐवजी तांब्याच्या पंख्यांनी थंड होणारं शेवरलेचं इंजिन त्याने १९२३ मध्ये बाजारात आणवलं. इंजिन तापलं की गाडीची ताकद जायची. ग्राहकांकडे गेलेल्या शंभरेक गाड्या परत मागवल्या गेल्या. त्याने राजीनामा देऊ केला होता, कंपनीने घेतला नाही.

पेट्रोलची गोष्ट मात्र इतक्या सहज मिटत नाही. इंजिनात ‘नॉकिंग’ होतं ते केटरिंगच्या इग्निशनमुळे, असा आरोप होता. त्याने आणि सहकारी थॉमस मिजलीने सिलिंडरच्या आतला दाब मोजून दाखवलं की दोष इंधनाचा आहे. लाल रंगाने इंधन उष्णता शोषेल या कल्पनेने त्यांनी पेट्रोलमध्ये आयोडीन घातलं. नॉकिंग थांबलं! रंगाचा काही संबंध नव्हता, हे नंतर कळलं. चुकीच्या अंदाजातून बरोबर वाट सापडली आणि १९२१ मध्ये ते शिशाच्या संयुगापर्यंत पोचले. अल्कोहोलनेही काम होतं, हे त्यांच्या प्रयोगशाळेला माहीत होतं. पण पेटंट आणि पैसा शिशात होता. १९२४ च्या ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीतल्या कारखान्यात या रसायनाच्या विषबाधेने पाच कामगार मेले. तरीही केटरिंग शिशाच्या बाजूने उभा राहिला. वायर न् वायर तपासणाऱ्या माणसाने धुरातून बाहेर काय पडतंय, हे तितक्याच चिकाटीने तपासलं नाही. मला तरी हे माफ करता येत नाही.

केटरिंग २५ नोव्हेंबर १९५८ ला गेला. न्यूयॉर्कमधल्या मोठ्या कॅन्सर संशोधन संस्थेला त्याचं नाव आहे, तो तिच्या संस्थापकांपैकी एक. भारतात शिसंवालं पेट्रोल थांबलं ते १ फेब्रुवारी २००० ला. त्या जुन्या एमजीचे व्हॉल्व्ह बसतात त्या जागांना शिशाचं संरक्षण मिळायचं, म्हणून काही मालक आजही टाकी भरताना वरून शिशाऐवजीचं औषध ओततात.