जखमींचा सोबती : डॉ. द्वारकानाथ कोटणीस

दिवाळीची सुटी संपून थंडी पडू लागली म्हणजे आमच्या खानदेशातील शाळाशाळांची मैदाने गजबजून जातात. जळगाव असो वा धुळे, हुतूतू, खो-खो व आट्यापाट्या यांचे सामने रंगतात. आणि मुरमाड भुईवर खेळणाऱ्या गड्यांची ढोपरे फुटणे, घोटे मुरगळणे, क्वचित हात मोडणे हेही ओघानेच येते. अशा वेळी काय दृश्य दिसते? पडलेल्या मुलाभोवती सारी शाळा गोळा होते. कोणी हळद आणावयास धावतो, कोणी पाय चोळू लागतो, कोणी त्यास ओढून उभे करू पाहतो, आणि त्या बिचाऱ्यास वारा मात्र कोणीच लागू देत नाही. मने सर्वांची चांगली असतात. उणीव असते ती ज्ञानाची.

म्हणून यंदाच्या अंकात आम्ही अशा एका पुरुषाचे चरित्र सादर करीत आहोत की, ज्याने आपले चांगले मन व आपले ज्ञान ही दोन्ही जखमींच्या सेवेस वाहिली. ते पुरुष म्हणजे सोलापूरचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस हे होत.

द्वारकानाथांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. वडील शांतारामपंत तेथील कापडगिरणीत नोकरीस होते. घरची स्थिती बेताची, परंतु मुलाने शिकावे ही आकांक्षा मोठी. द्वारकानाथांनी मुंबईस शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेतले व डॉक्टरीची पदवी मिळविली. पुढे आणखी शिकावे, मोठा शस्त्रवैद्य व्हावे, असा त्यांचा बेत होता. तो सिद्धीस जाता तर मुंबईत त्यांचा चांगला जम बसता, यात संशय नाही. परंतु दैवाने त्यांच्यासाठी निराळीच पाठशाळा योजिली होती.

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठी चढाई केली. चिनी सैन्यात जखमी अगणित, आणि डॉक्टर मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्या वर्षाच्या अखेरीस चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित जवाहरलाल नेहरू यांस पत्र लिहून मदतीची विनंती केली. येथे आम्हां खानदेशवासीयांस एक गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातील फैजपूर येथे राष्ट्रसभेचे अधिवेशन भरले, ते खेड्यात भरलेले पहिलेच अधिवेशन होय. आणि त्याचे अध्यक्ष हेच पंडित नेहरू होते. ज्यांचे स्वागत आमच्या तापीकाठच्या शेतकऱ्यांनी केले, त्यांच्याच हाती एका वर्षाने चीनची हाक येऊन पडली. १९३८ साली सुभाषचंद्र बोस अध्यक्ष असताना राष्ट्रसभेने लोकांकडून निधी जमविला आणि पाच डॉक्टरांचे पथक पाठविण्याचे ठरविले.

पथकाचे नायक डॉ. मदनलाल अटल हे होते, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याकडील डॉ. मुकर्जी व डॉ. बसू हे त्यांचे सहकारी. आणि पाचवे आमचे डॉ. कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी 'राजपुताना' नामक आगबोटीने मंडळी मुंबईहून निघाली. कोटणिसांस तेव्हा अठ्ठाविसावे वर्ष सरावयाचे होते.

कँटन, हँको, छुंगकिंग असा प्रवास करीत व वाटेतील रुग्णालयांत सेवा करीत पथक चीनच्या अंतर्भागात शिरले. छुंगकिंग येथे असताना द्वारकानाथांवर वज्राघात झाला. वडील वारल्याची वार्ता घरून आली. संसाराचा भार आता मुलांवर होता, आई दुःखात होती, आणि परतण्यास कोणीही नको म्हटले नसते. सहकाऱ्यांनीही त्यांस घरी जाण्याविषयी सुचविले. परंतु ज्या कामासाठी आलो ते सुरूही झालेले नाही, ते टाकून जाणे त्यांच्या मनास पटेना. ते मागे फिरले नाहीत. ह्या निर्णयाची किंमत त्यांच्या घरच्यांनीही मोजली, हे वाचकांनी विसरू नये.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनान येथे पोहोचले. पुढे एकेक सहकारी प्रकृतीच्या कारणाने स्वदेशी परतले. कोटणीस व बसू मात्र राहिले, आणि कालांतराने कोटणीस आघाडीजवळच्या डोंगराळ मुलखात, जेथे कॅनडाचे विख्यात शस्त्रवैद्य डॉ. नॉर्मन बेथ्यून यांनी काम केले होते तेथे, दाखल झाले.

ह्या बेथ्यूनसाहेबांची हकीगत आमच्या खेळाडू विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात ठेवावी. जखमी डॉक्टरकडे येईपर्यंत वाट पाहू नये, डॉक्टरनेच जखमीकडे जावे, हा त्यांचा नियम होता. त्यासाठी ते खेचरांवर सामान लादून लढाईच्या अगदी निकट, प्रसंगी एखाद्या देवळात, शस्त्रक्रिया करीत. १९३९ च्या ऑक्टोबरअखेर शस्त्रक्रिया करताना त्यांच्या बोटास लहानसा काप गेला. त्यातून विष भिनले, आणि १२ नोव्हेंबर रोजी तो थोर पुरुष मरण पावला. पेनिसिलिनसारखे औषध त्या काळी हाती आलेले नव्हते.

एक लहानसा काप! ढोपर फुटले असता त्यावर माती, राख वा तंबाखू दाबणाऱ्यांनी ह्याचा विचार करावा. खरचटलेली जागा प्रथम स्वच्छ वाहत्या पाण्याने व साबणाने धुवावी, मग स्वच्छ कापडाची पट्टी बांधावी. जखम खोल असेल, तीत माती गेली असेल वा गंजका खिळा लागला असेल, तर धनुर्वाताची सुई घेण्यासाठी डॉक्टरकडे जावे. मदत करणाऱ्याने आपलेही हात आधी व नंतर धुवावेत. बेथ्यून यांच्या मृत्यूने शिकविलेला हा धडा दोघांसाठी आहे.

कोटणिसांनी बेथ्यून यांची रिकामी जागा भरून काढण्यास आरंभ केला. १९४० साली मोठी धुमश्चक्री सुरू झाली, तेव्हा शेकडो जखमींवर त्यांनी रात्रंदिवस शस्त्रक्रिया केल्या. जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून यांच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. रुग्णालय म्हणजे भव्य इमारत नव्हे. खेड्यांतील मातीची घरे हेच त्याचे दालन, आणि शत्रू जवळ आला की सारे उचलून डोंगरात जावयाचे. औषधे अपुरी, उपकरणे अपुरी. जे हाताशी असेल त्यावरच भागवावे लागे.

परंतु त्यांचे खरे मोठेपण आम्हांस निराळ्याच गोष्टीत दिसते. एकटा डॉक्टर किती जखमी वाचविणार, हे ओळखून त्यांनी शिकविण्यास वाहून घेतले. ते चिनी भाषा बोलावयास व वाचावयास शिकले, त्याच भाषेत तरुणांना वर्गात पाठ देऊ लागले, आणि विद्यार्थ्यांसाठी शस्त्रवैद्यकावर पुस्तक लिहू लागले. कारण डॉक्टर येण्यापूर्वीची काही मिनिटे ही जवळच्या मनुष्याच्या हाती असतात. तो जाणता असेल तर डॉक्टरचे अर्धे काम होते. अजाण असेल तर डॉक्टरचाही इलाज चालत नाही.

मैदानावरही हेच खरे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून तळहाताने घट्ट दाबून धरावी, आणि रक्त थांबले की काय हे पाहण्यासाठी ती घडोघडी उचलू नये. हाड मोडल्याचा संशय आला तर ओढू नये, चोळू नये, सरळ करू नये. आहे त्या स्थितीत बांबूच्या कामट्या वा फूटपट्टी यांचा आधार देऊन अलगद बांधावे, व हात असेल तर उपरण्याची अथवा ओढणीची झोळी करून गळ्यात अडकवावा. घोटा मुरगळला तर खेळ थांबवावा, पाय उंच ठेवावा, आणि थंड पाण्याची घडी वा फडक्यात गुंडाळलेला बर्फ पाव तासभर ठेवावा. पहिले दोन दिवस शेक व मालीश वर्ज्य. डोक्यास मार लागून गडी क्षणभर जरी बेशुद्ध झाला, गोंधळला वा ओकला, तरी त्यास त्या दिवशी पुन्हा खेळू न देता तत्काळ डॉक्टरकडे न्यावे. मान वा पाठ दुखावली असेल तर त्यास हलवूच नये व मदत बोलवावी. आमच्या महाराष्ट्रात १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका येते, हे लहान मुलांसही पाठ असावे. आणि खानदेशच्या चैत्र-वैशाखात कोणास ऊन लागून तो बरळू लागला, तर त्यास सावलीत निजवून अंगावर पाणी ओतावे व वारा घालावा. शुद्ध नसताना तोंडात पाण्याचा थेंबही घालू नये.

आता चरित्राचा अखेरचा भाग. १९४१ साली कोटणिसांनी कुओ छिंगलान ह्या शुश्रूषाशास्त्राच्या शिक्षिकेशी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांस पुत्र झाला. त्याचे नाव यिनह्वा, म्हणजे भारत व चीन ह्या दोन देशांची नावे एकत्र गुंफलेले. परंतु अतिश्रम, अपुरे अन्न व डोंगरातील थंडी यांनी द्वारकानाथांचे शरीर पोखरले होते. त्यांस अपस्माराचे, म्हणजे फेफऱ्याचे, झटके येत. विश्रांती घेण्याविषयी सहकारी विनवीत. ते काम सोडीत ना. अखेर झटक्यांवर झटके येऊन ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांनी देह ठेविला. पुत्र तेव्हा चार महिन्यांचाही नव्हता.

ज्या रोगाने असा पुरुष नेला, त्याविषयी आमच्या गावांतून अद्याप भ्रम आहेत. फेफरे आलेल्यास कांदा वा चप्पल हुंगविणे, दातांत चमचा घालणे, हातपाय दाबून धरणे ही सारी घातक होत. भोवतालचे दगड, बाकडी दूर सारावीत, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, गळ्याजवळची बटणे सैल करावीत, आणि झटका ओसरताच त्यास कुशीवर वळवावे. झटका पाच मिनिटांहून अधिक टिकला वा शुद्ध येण्यापूर्वीच दुसरा आला, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णवाहिका बोलवावी. असा विद्यार्थी वर्गात असेल तर त्याची थट्टा करणे हे पाप होय. तो कोटणिसांच्याच व्याधीचा वाटेकरी आहे, आणि कदाचित त्यांच्याच गुणांचाही असेल.

पुढे १९४६ साली व्ही. शांताराम यांनी त्यांच्या जीवनावर चित्रपट काढला, तेणेकरून त्यांचे नाव हिंदुस्थानात घरोघर झाले. चीनमधील शीच्याच्वाङ शहरात हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत त्यांची समाधी आहे, आणि तेथील लोक तिजवर आदराने फुले वाहतात.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांपैकी प्रत्येकास परदेशी जाऊन शस्त्रवैद्य होता येणार नाही, आणि त्याची गरजही नाही. परंतु उद्याच्या सामन्यात तुमचा गडी पडला असता, गर्दी मागे सारून, हात धुऊन, स्वच्छ फडके घेऊन शांतपणे त्याच्याजवळ बसणारा एक मुलगा वा एक मुलगी प्रत्येक वर्गात असावी, एवढी आमची इच्छा आहे. पालकांसही आमची विनंती आहे की, त्यांनी घरात पट्टी, कापूस, कात्री व साबण यांची एक पेटी ठेवावी आणि ती कोठे आहे हे लहानथोर सर्वांस दाखवून ठेवावे. सोलापूरच्या त्या तरुणाने परमुलुखात जे व्रत चालविले, त्याचा लहानसा अंश एवढ्याने आपल्याही घरी येईल.